भोपळा

हार्टलपूलच्या गोदीमागे, जिथे वारा
माणसाच्या आधी गल्लीत वळतो,
डोरीन ॲपलगार्थची भट्टी आहे.
ओकाच्या भुशावर हेरिंग टांगून
रात्रभर धूर देते ती.
भट्टी तिच्या आजाची. विटा आतून डांबरासारख्या,
दार असं की लाथ मारल्याशिवाय लागत नाही.

नवी भट्टी हवी. साठ हजार पौंड.
बँकेनं तीनदा कागद परत केले.
पहिल्यांदा विचारलं, तारण?
दुसऱ्यांदा विचारलं, तारण?
तिसऱ्यांदा नुसतीच पेपरमिंटची वाटी पुढे सरकवली.

मी नगरपालिकेत दुसऱ्या मजल्यावर बसते.
माझं काम पैसे देणं नाही,
हे समजावता समजावता रोज चहा निवतो.
आम्ही देत नाही, बाई. आम्ही जामीन राहतो.
बुडालं तर शंभरातले पंचाहत्तर आमचे,
असं बँकेला लिहून देतो. एक सही, बस्स.
"मग तुमच्या वहीत काय मांडता?"
शून्य, मी म्हटलं. आज तरी शून्य.

आमच्याकडे शून्याला भोपळा म्हणतात
हे तिला सांगितलं नाही.
पण आठवली शेवगावची विहीर,
माझ्या पाठीला सुका भोपळा आवळून
मला आत ढकलणारी द्वारकाआत्या.
भोपळा पोहत नाही. हात मारायचे आपणच,
नाकातोंडात पाणी आपल्याच.
तो फक्त बुडू देत नाही,
आणि पोकळ असतो म्हणूनच बुडू देत नाही.

कागद त्याच बँकेत गेला.
तीच डोरीन, तेच आकडे,
चौथ्या पानावर माशाच्या तेलाचा तोच डाग.
या वेळी साहेब दारापर्यंत आले.
पत म्हणजे तुम्ही कोण, हे नव्हे;
तुमच्या मागे कोण उभं आहे, ते.

धक्क्याच्या भिंतीचंही तसंच, फक्त शून्यं जास्त.
लीड्सहून पेन्शन फंडाचे तिघे आले,
बूट जपत चिखलात उभे राहिले,
म्हणाले, जहाजं आलीच नाहीत तर?
तूट आम्ही भरू.
तेव्हा कुठे त्यांनी समुद्राकडे पाहिलं.

सभेत नॉर्मन रटर उठला,
क्रेनवर एकतीस वर्षं काढलेला.
"नफा त्यांचा, बुडीत आमचं.
माझी नात रात्रपाळीला बस चालवते.
तिला कुणी विचारलं, पोरी, जामीन राहतेस का?"
कुणी बोललं नाही. मीही नाही.
माझ्याकडे उत्तर होतं, चार रकान्यांचं;
त्याच्या प्रश्नाला ते पुरत नव्हतं.

कारण त्याच वर्षी कीरनचं सायकलचं दुकान बसलं.
चोवीस हजारांतले अठरा आमचे.
वहीतला भोपळा फुटला, आत आकडा निघाला.
किल्ल्या द्यायला तो चुकून माझ्याच टेबलाशी आला,
सॉरी म्हणाला, जणू माझ्या खिशातले गेले.
गेलेच होते की. किती, ते मी
घरी जाताना मोजत राहिले;
एका पेन्सच्या आतच कुठेतरी हिशेब हरवला.

डोरीननं सहा वर्षांत फेडलं.
बँकेनं आमचा कागद परत धाडला,
आडवी लाल रेघ मारून.
मागोमाग ती आली, हेरिंगची पुडी घेऊन.
घेता येत नाही, नियम आहे.
तिनं ती खिडकीत ठेवली.
"या सहीचं आता काय करता?"
काही नाही. वापरलीच गेली नाही ना.
"वापरली की," ती म्हणाली. "मी रोज वापरली."

पोहून झालं की आत्या भोपळा पुसायची,
रहाटाला टांगून ठेवायची,
उद्या कुणाचं पोर येणार
हे ठाऊक नसताना.

साडेचार वाजलेत. खाली कुणीतरी घंटी दाबतंय.
एवढा माशाचा वास कसला
म्हणून साहेबांनी विचारलं तर काय सांगायचं,
ते मात्र अजून सुचलेलं नाही.