मागं कोण

ताशी हजार रुपये, चहा वेगळा.
कोमाकी-सान गोराईच्या जेट्टीवर उतरले
ते बूट हातात घेऊनच.
नागानोकडे डोंगरात त्यांची भातशेती.
वाडीत सोळा घरं, दिवा लागतो पाचांत,
आणि सगळ्यात तरुण शेतकरी हेच,
एकोणसत्तर वर्षांचे.

कुळवेमला एमेलिनबाई मुळे उपटत होत्या.
हे म्हणाले, दाइकोन!
बाई म्हणाल्या, मुळा.
तेवढ्यापुरती माझी गरज नव्हती.

मग त्यांनी विचारलं, तुमचा आतोत्सुगी कोण?
मी अडले.
वारस म्हणावं, तर वारस तीन आहेत बाईंना,
सातबाऱ्यावर चढलेले,
बिल्डरचे फोन त्यांनाच येतात, मस्कतला, मीरा रोडला.
हा शब्द वेगळंच विचारतो:
पहाटे विहिरीवरचा पंप कोण चालू करणार,
बियाण्याचा मुळा कुठला राखायचा
हे कोणाला कळतं.

तुमच्या मागं कोण, मी म्हटलं शेवटी.

बाईंनी खरोखरच मागं वळून पाहिलं.
बांध. तीन ताड. रिसॉर्टचा निळा पत्रा.
त्याचं भाषांतर मी केलं नाही.
कोमाकी-सानही तिकडेच बघत राहिले,
घड्याळाचे पैसे चालू.

बोरिवलीच्या बाया पाला तोडून मागतात,
बाई म्हणाल्या, विळा पुसत.
हे सांगितलं तेव्हा मात्र ते जोरात हसले:
आमच्याकडेही!

जुडी मला मिळाली, पाल्यासकट.
सिंकमध्ये उभी ठेवली.
सकाळपर्यंत ताठ होती.