सातवा अंश

केगावच्या प्रयोगशाळेत दुपारी पंखा
गरम हवा नुसती हलवतो.
सॉक्सलेटमध्ये मिथेनॉल चढतं, थेंबथेंब उतरतं,
आणि दगडी पाला आपलं हिरवं सोडत राहतो
चोवीस तास, अठ्ठेचाळीस तास,
जणू कुणी मागेल याचीच वाट बघत होता.

पाला मी आणलाय विडी घरकुलातून,
नरसम्मा बोद्दूलच्या मोरीमागच्या भिंतीतून.
ती त्याला गड्डी चामंती म्हणते.
चिठ्ठीवर मी लिहिलं लॅटिन नाव, तारीख,
मातीचा प्रकार : सिमेंटची भेग.

कात्रीनं बोट कापलं की
ती चार पानं तळव्यात चोळायची, रस पिळायची,
आणि पुढच्या तेंदूपानावर फर्मा ठेवायची.
एवढंच टिपून घेतलं होतं मी.

बत्तीस अंश निघाले. बत्तीस कुप्या,
पिवळट, शेवाळी, एक अगदी कोऱ्या चहासारखी.
ताटलीतल्या पेशींवर एक रेघ ओरखडायची
आणि बघायचं, कुणामुळे ती लवकर बुजते.
सातव्यानं बुजवली.
त्या रात्री सातरस्त्यावर
मी एकटीनं दोन प्लेट भजी खाल्ली.

मग सातव्याचे चार केले
आणि चौघांतला एकही काही करेना.
परत एकत्र ओतले, तरी तोंडं फिरवून बसले
वाटणी झालेल्या भावांसारखे.
मॅडम म्हणाल्या, होतं असं. पुन्हा करा.

पुन्हा म्हणजे पुन्हा घरकुल.
मांडीवर सूप, दोरा दातांत.
मावशी, पाला चोळताना हात धुतलेले असायचे?
ती दोरा तोडून हसली.
"धुवायला उठू कशी गं? हजार भरायचे असतेत.
हाताला जर्दा असायचाच की.
तू इचारलीसच न्हाई."

मी वही उघडली. ती अजून बोलतच होती,
"आन् रगत काय, तसंबी थांबतंय.
पाला लावला की दोन मिनटं
बोट वर धरून बसायला मिळायचं.
नुस्तं बसलं की सासू बघायची."

जर्दा मी 'इतर' या रकान्यात लिहिला.
दोन मिनिटं कुठं लिहावीत
ते कळेना, पेन तसंच धरून बसले.

निघताना तिनं मूठभर पाला पिशवीत कोंबला,
माझ्या अंगठ्यावरची पट्टी बघून.
काचेची केशनळी मोडली होती परवा.
बसमध्ये पिशवी हुंगली : तंबाखू,
आणि त्याच्या मागे कुठंतरी, ओली भिंत.

उद्या नव्या ताटल्या मांडीन :
पाला एकटा, जर्दा एकटा, दोन्ही मिळून,
आणि चौथी, जिला काहीच लावायचं नसतं.
तीही बुजते. वेळ घेते.
तिच्याकडेही दर दोन तासांनी
उठून बघावं लागतं.