वर्दळ

साईशने दाबोळी विकत घेतली,
अकराशे रुपयांना, माझ्या कार्डावर.
रात्रभर ती उतरत राहिली
चिखलीच्या आमच्या रडक्या इंटरनेटवरून,
आणि खिडकीबाहेरची खरी दाबोळी
फळीवरची भांडी वाजवत होती
दर वीस मिनिटांनी.

सकाळी बाबा खुर्ची ओढून टीव्हीसमोर,
चष्मा पुसून, लग्नाला आल्यासारखे.
सत्तावीस वर्षं धावपट्टीच्या कडेला
पाखरं हाकली त्यांनी.
टाळ्या, शिट्टी, कधी गर्नाल.
ठेकेदार चार बदलले, गवत तेच.
विमानात मात्र कधी बसले नाहीत.
विचारलं तर म्हणायचे, आमचं काम खाली.

करणाऱ्याने जीव ओतलाय, हे मान्य.
टर्मिनलच्या काचेआड खुर्च्या,
खुर्च्यांना शिवण,
कॉफीच्या काउंटरवर दरपत्रक, वाचता येईल असं,
संडासाला निळी फरशी.
आकाशातून तिथे कोण जाणार होतं?
नौदलाची बाजू मात्र पुसट,
ओलं बोट फिरवल्यासारखी.
आणि गवत ऐन मे महिन्यात हिरवंगार.
बाबा म्हणाले, "हें तण न्हय. टेबलार घालतात तो कपडो."

टिटवी नाही. घार नाही. बगळा, एकसुद्धा नाही.
बोटांवर मोजून झालं,
मग जरा वेळाने, दुसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तसं,
"पाखरंच नाहीत, तर माणूस कशाला लागतो?"

समुद्रावरून आत वळलो.
उजव्या पंखाखाली बोगमाळो,
चारशे फूट, तीनशे, दोनशे,
आणि यंत्राला धाप लागली.
पेटीतला पंखा कुकरसारखा चढला,
चित्र एक पाऊल पुढे, मग अर्धं,
मग उभंच.
चाकं बाहेर काढलेलं विमान
हवेत, कुणी हाक मारल्यासारखं.

"त्या खुर्च्यांनी मेमरी खाल्ली!" साईश करवादला.
"पीसीवाल्यांचं लोण्यासारखं चालतं,
तेच कोंबलंय आमच्या डब्यात."

बाबा उठले. पडद्यावर बोट टेकवलं.
"रांव. रांव मात्शें.
हांगा. हांगा हांव उबो रावतालों."

तिथे खरंच कुणीतरी होतं.
पिवळं जाकीट, दोन्ही हात वर,
सोललेल्या बटाट्यासारखा चेहरा.
हाच माणूस पुढे सात विमानांसमोर सात वेळा उभा होता,
पण हा एकटाच गवताच्या कडेला,
करणाऱ्याच्या हातून सांडलेला असावा.
त्याचा डावा पाय जमिनीपासून वीतभर वर.

साईशने सेटिंग उघडली.
सावल्या कमी केल्या. झाडं कमी केली.
फरक शून्य.
सगळ्यात खाली एक पट्टी, कामगार आणि वाहनं.
अंगठ्याने ती त्याने डावीकडे नेली, पार शेवटपर्यंत.

उतरलो. ताटलीवरून तूप घसरावं तसे उतरलो,
एक झटका नाही.
"बघ आई, माणसं काढली की काय मस्त चालतं!"

पंधराचा आहे तो.
मी चहा ठेवायला उठले.

बाबांचं बोट अजून काचेवर, हिरव्या कापडावर.
तिकडे आवाजाची यंत्रं बसली त्या वर्षी
ठेकेदाराने पत्र हातात दिलं,
तेव्हा त्यांनी एकच विचारलं होतं,
छत्री परत करायची का?
ती अजून दारामागे आहे. एक काडी मोडकी.

दुपारी साईश क्लासला गेला.
बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबले.
"ती पट्टी परत सरकवता येते?"
किती, मी विचारलं.
"एक माणूस येईल एवढी."

एवढी बारीक सरकत नाही ती. आठही आले.
दोनशे फुटांवर पुन्हा सगळं गोठलं.
बशीतून चहा पीत
ते त्या अडकलेल्या विमानासमोर बसून राहिले.
चार चाळीसचं खरं विमान घरावरून गेलं,
भांडी वाजली,
आणि त्यांनी सवयीने टाळी दिली, एकच, कडक.
गजावरचा कावळा उडाला.