अंधारापुरतं

धंतोलीच्या दवाखान्यातली पोरगी म्हणाली,
आजोबा, सवय व्हायला दोन-तीन महिने जातात.
मी मान हलवली.
मान हलवणं मला चांगलं जमतं.
अकरा वर्षं तेच करतोय,
भाजीवाल्यापुढे, व्याह्यांपुढे, बँकेच्या खिडकीपुढे,
आणि एकदा मयतीला गेलो होतो तिथे.
पोराचा बाप काहीतरी सांगत होता
आणि मी हसून मान हलवली.

यंत्र चण्याएवढं. किंमत मोटरसायकलीएवढी.
हेमराजने हप्त्यांवर घेतलं,
म्हणून हरवायचीही सोय नाही.
चुन्याच्या रिकाम्या डबीत ठेवतो.
रविवारी फोनच्या काचेत त्याचं तोंड दिसतं:
बापू, घालता ना?
एवढं वाक्य त्याच्या ओठांवरून पाठ झालंय.
घालतो, म्हणतो.

घातलं होतं, खोटं नाही.
एप्रिलचा महिना, कूलर सुरू,
आणि तीन खोल्यांत मालगाडी शिरली.
वाटी ठेवली की घण,
पेपरचं पान उलटलं की पत्रा फाटायचा,
माझंच चावणं मला ऐकू येई, शी,
गोठ्यात बसल्यासारखं.
नात आली होती. ती बोलत होती
त्या सगळ्याच्या मागे कुठेतरी,
भिंतीपलीकडच्या लग्नातून बोलावी तशी.

लोकांना वाटतं मला लाज वाटते.
वाटते थोडी.
चष्म्याला कोणी काही म्हणत नाही,
पण कानात काही दिसलं की माणसं
माझ्याशी बोलायचं ते बायकोशी बोलतात:
यांना चहा चालतो का?

पण खरं ते नाही.
खरं सांगायचं तर गोळीबार चौकामागच्या शेडपर्यंत
जावं लागेल. बत्तीस माग.
धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे,
दिवसाचे दहा तास.
तिथे कोणाचा आवाज कोणाला येत नसे,
ओठच वाचायचे. धागा तुटला. चहा आला. मालक.
ही कांड्या भरायला यायची.
चौथ्या मागापलीकडून तिने विचारलं,
नुसत्या ओठांनी: जेवले काय?
तिचा आवाज ऐकला तो दोन महिन्यांनी,
शेड सुटल्यावर, रस्त्यात.
बारीक. किंचित नाकातला.
तोच ठेवलाय मी.
कान गेले तरी तो गेला नाही.
ती ओठ हलवते, मी आतून तो लावतो.

त्या दिवशी यंत्रातून हाक आली.
वाटलं, शेजारची कोणी आली असेल.
जाड, चरा पडलेला,
दम लागलेल्या म्हातारीचा आवाज.
वळून पाहिलं तर ही.
तिला काही बोललो नाही.
संध्याकाळी यंत्र डबीत गेलं.

परवा रात्री लाइट गेली.
अख्खं तांडापेठ काळं, कूलर गप्प.
गच्चीवर चटया टाकल्या. चंद्रही नव्हता.
तिचा हात माझ्या दंडावर होता, हलत होता,
त्यावरून कळलं की बोलतेय.
ओठ दिसेनात.
भिंत चाचपत खाली गेलो, डबी काढली,
घालून पुन्हा येऊन पडलो.

"...दळण संपलं. उद्या गहू न्या लागते.
गुडघा लय दुखून राहिला, रात्र रात्र झोप नाही.
कोणाले सांगू."

उजेडात तिचे ओठ
गुडघ्याबद्दल एकदाही बोलले नव्हते.

किती रात्रींपासून सांगत असेल
माझ्या बंद कानाला, बिनघोर?

मी कूस बदलली. यंत्र उशीला घासलं
आणि बारीक शिट्टी वाजली.
ती थांबली.
"घातलं काय?"
त्या म्हाताऱ्या आवाजाने विचारलं.

मी मान हलवली.
अंधारात तिला दिसली नसणार.