पोटाखालचा घोडा

आधी वाटलं, गोठ्याची फळीच उचलून आणली हिनं.
गुडवाइगनं ती पोत्यासकट टेबलावर ठेवली.
"छप्पर उतरवताना निघाली. बघ, बंदूक आहे का."
लाल रंग, गोठ्याला देतात तोच, माशाच्या तेलात कालवलेला,
तीन थर तरी.
वर कोंबड्यांची वाळलेली शिट.

वाल्द्रेसच्या या दरीत मी घड्याळं दुरुस्त करतो.
बंदुका येतात अधूनमधून,
बहुतेक भिंतीवर टांगायच्या.
मालकाला फक्त किंमत ऐकायची असते.

घोडा शोधला. वर नव्हता.
डावीकडे नाही, उजवीकडे नाही.
मोडून नेलाय कुणीतरी, असं मी बोलूनही बसलो.
मग ती पालथी केली, अन् बोटाला लागला:
पोटाखाली, चापाच्या पुढ्यात,
थंडीत आईखाली शिरलेल्या शिंगरासारखा.

तेव्हा ओळख पटली.
काँग्सबर्गची. लष्करातून निवृत्त.
मागून भरायची, एकबारी.
रंग खरवडला तसा मुकुट दिसला,
मग साल: एक, आठ, पाच,
शेवटचा आकडा गंजानं खाल्लेला.

दस्ता मात्र बर्चचा. सरकारी नव्हे.
म्हणजे हिवाळ्यात कुणीतरी चुलीपाशी बसून कोरलाय
आपल्या गालाच्या मापानं.
माझ्या गालाला तो बसेना.
गुडवाइगनं लावून पाहिला.
बसला.

घरात गोष्ट आहे म्हणे:
खापरपणजोबा हाल्स्टाइननं मेंढ्यांवर आलेला लांडगा
एका बारात आडवा केला.
कातडं युद्धात गेलं, किंवा उंदरांनी नेलं.
जर्मन आले, फर्मान निघालं, हत्यारं जमा करा,
त्या रात्री कुणीतरी रंगाचा डबा उघडला
आणि बंदुकीची फळी केली.

दोन महिने लागले.
रॉकेल, वाट बघणं, पुन्हा रॉकेल.
जुन्या स्क्रूवर जोर करायचा नसतो,
डोकं तुटतं त्याचं, आणि ओशाळतो आपण.
चेचलेल्या लाकडावर ओला फडका, वर तापलेली इस्त्री;
खड्डा हळूहळू वर येतो, रुसलेलं पोर येतं तसा.
मग अळशीचं तेल, तळहातानं.

बाजूची मूठ मूळची नव्हतीच.
तिथं चमच्याचा दांडा,
वाकवून, ठोकून बसवलेला.
"हा काढ ना, अस्सल बसव," ती म्हणाली.
मी हो म्हणालो
आणि काढला नाही.

एका गुरुवारी तोच दांडा फिरला.
कोठी मान वर करून उघडली.
आत शिशाची गोळी,
कागदाची पुडी, दगड झालेली दारू.
भरलेली होती.
सहा आठवडे मी हिच्यावर हातोडी चालवत होतो.
खाली टोपी नव्हती म्हणून आज हे सांगतोय.

आधी पाणी ओतलं, मग बराच वेळ बसून राहिलो,
मग फोन केला.
पलीकडे शांतता. मग:
"म्हणजे लांडगा खोटा?"
खोटाच कशाला, मी म्हणालो.
ज्याच्याकडे एकच बार असतो
तो रिकामी बंदूक खुंटीला लावत नाही.
एक मारला, लगेच भरली.
दुसऱ्यासाठी.
"आणि दुसरा?"
दुसऱ्याचं मला काय माहीत.
आला नसावा.

भिजलेली दारू मागच्या अंगणात टाकली.
बर्फावर करडा डाग पडला,
रात्री पुन्हा बर्फ झालं.

न्यायला आली तेव्हा तिनं ती गालाला लावली,
खिडकीतून दुधाच्या टँकरवर नेम धरला,
हसली, खाली ठेवली.
दस्त्याच्या टोकाशी, लोखंडी पट्टीखाली,
बोटभर लाल रंग मी तसाच राहू दिलाय.
सांगितलं नाही.
पट्टी काढेल त्याला दिसेल.

बंदूक तिनं पोत्यात गुंडाळली.
गोळी मात्र कोटाच्या खिशात टाकली,
गाडीच्या किल्ल्यांबरोबर.
जाताना पाहिलं,
कोट त्या बाजूला जरा ओढला गेला होता.