कोरा रोल

पिशवीत वर कोथिंबीर, खाली कॅमेरा.
चाळिशी उलटलेली बाई, मळके बूट, काखेत कोबी,
एवढं दिसलं की सगळं तिबिलिसी
तिच्या आरपार बघतं.
विशीत हे अदृश्यपण मी
नवस बोलून मागितलं असतं.
तेव्हा माझ्या प्रत्येक चौकटीच्या कडेला
कुणीतरी पुरुष, माझ्याकडेच बघत उभा.
पेटीभर आहेत त्या नजरा. फेकल्या नाहीत.

अजूनही विचारतात:
कुठल्या पेपरची? नगरपालिकेची का?
नवरा काय करतो?
एका खाटकाने तर सुरी पुसून, छाती फुगवून पोझ दिली.
मी टिपला त्याच्यामागच्या आरशातला
पोत्यावर झोपलेला पोऱ्या.
खाटीक अजून फोटोची वाट बघतोय.

शुक्रवारी आम्ही तिघी नेस्तानच्या स्वयंपाकघरात.
तिच्या लिफ्टला नाणं लागतं.
त्सिराजवळ ते कधीच नसतं,
आठ मजले चढून येते, शिव्या देत.
फरशीवर फोटो मांडायचे,
मोज्यांनी मधून चालायचं,
"छान" म्हणायला बंदी.
त्सिरा फक्त एवढंच विचारते:
हा तू त्या माणसाकडून घेतलास
की त्याच्या खिशातून काढलास?

ऑक्टोबरातला रविवार. स्टेशनमागचा बाजार.
ती उलट्या क्रेटवर बसलेली,
पुढ्यात सूर्यफुलाच्या बिया, मापाला चहाचा पेला,
पुड्या कुणाच्या तरी भूमितीच्या वहीच्या.
फोन कानाशी.
मागे मिनीबस वळली, तिच्या काचेवरचं ऊन
घसरत येऊन थेट बाईच्या हसण्यावर थांबलं.
सेकंदाचा पाचशेवा भाग.
असं वर्षातून एकदा होतं. कधी तेही नाही.

फोन ठेवून तिने माझं मनगट धरलं.
"काढून टाक."
रोलचा कॅमेरा आहे हा, म्हटलं, पुसता येत नाही.
"मग जाळ."
आणि गिऱ्हाइकाचं माप भरता भरता सांगितलं:
नाव नाझिब्रोला. मुलगा, सून कुतैसीला.
त्यांच्या लेखी ती इटलीत, बारी शहरात,
एका अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याचं सगळं करते.
तीन वर्षांपूर्वी विमानतळावरूनच परत पाठवलं तिला.
तेवढं सांगायचं राहून गेलं.
दर रविवारी ती घरी बारीचं हवामान सांगते.
"आज वारा आहे तिकडे," मला म्हणाली, "समुद्रावरून."

मी रोल गुंडाळला. काढला.
हात पिशवीत गेला, कोबीखाली,
आणि बाहेर आला तो दुसरा रोल घेऊन.
न वापरलेला.
वीतवीत ओढून उन्हात मोकळा केला,
सगळ्या बाजारादेखत.
हात जराही थरथरला नाही, हे लिहून ठेवते.

तिने ती करडी पट्टी डोळ्यांसमोर धरली,
एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासली,
स्वतःला शोधत. नव्हती.
मग हसली. मघाचं नव्हे, वेगळं.
एक पुडी माझ्या हातात कोंबली,
पैसे घेईना.
पुडीवर निळ्या शाईत:
म्हणून हे दोन कोन
पुढचं फाटलेलं.

फोटो चांगला आलाय.
खरं तर चांगला म्हणणं कमीच.
दोनदा नेस्तानकडे घेऊन निघाले.
खिशात नाणं होतं, तरी जिन्याने चढले,
सहाव्या मजल्यावर दम लागला म्हणून थांबले
आणि दम लागला म्हणूनच परतले,
असं मी त्सिराला सांगितलं.

तो ड्रॉवरमध्ये आहे, पालथा.
स्टेशनकडून हल्ली मी जात नाही.
रविवारी सकाळी मात्र फोन उघडून बघते:
बारी, एकोणीस अंश, दुपारनंतर पाऊस.
तिला कुणीतरी सांगायला हवं
छत्री घेऊन जा म्हणून.