उद्या

ग्डिनियाच्या गोदीत एकतीस वर्षं
क्रेन चालवली माझ्या नवऱ्यानं.
मार्चमध्ये डोक्यात कुठलीशी बारीक नळी फुटली
आणि शब्द गेले सगळे,
एक सोडून.
मीठ हवं : उद्या.
पाय दुखतो : उद्या.
माझं नाव : उद्या.
डॉक्टर म्हणाले, होतं असं कधीकधी.
मी सूप ढवळत राहिले.

दर गुरुवारी अग्निशमन केंद्राच्या माडीवर
यागना नावाची पोरगी अशा लोकांचं नाटक घेते.
संहिता नाही, पाठांतर नाही
(करणार कोण!).
नियम एकच : समोरचा देईल ते घ्यायचं,
आणि त्यात आपलं थोडं घालायचं.
शेजारणीची वाटी
रिकामी परत पाठवू नये, तसं.

मी दाराशी बसले, कोट न काढता.
वाटत होतं, हसतील याला.
हसलेच.

खेळ मासळीबाजाराचा होता,
अट अशी की खरा शब्द एकही चालणार नाही.
धडधाकट यागनाची त्रेधा उडाली,
'फ्लुबा, ग्रिमटी' करत ती दोनदा अडखळली.
आणि माझा बोगुमिल
लालबुंद होऊन घासाघीस करत होता :
उद्या! उद्याउद्या! उद्या?
हा तर खरा शब्द आहे,
एउझेबीनं बोट नाचवून तक्रार केली.
यागना म्हणाली, "त्याच्या तोंडात नाही."
तेओफिलाबाईंनी नसलेला हेरिंग नाकाला लावला
आणि तोंड वाकडं केलं,
म्हणजे आधी होतं त्याहून जरा जास्त.

मग कुणी सांगितलं नसताना
त्यानं दोन काठ्या घेतल्या, एक स्वतःची, एक एउझेबीची,
स्टुलावर बसला, काठ्या पुढे रोवल्या,
बोट ओलं करून वारा पाहिला.
ते बोट मी ओळखते.
घरी चादरी वाळत घालतानाही
तो ते वर धरायचा.
आकडा खाली आला.
तेओफिलाबाई चाकांच्या खुर्चीसकट
हळूहळू वर गेल्या, हात पसरून, किंचाळत,
आणि आम्ही अकरा माणसं
माना वर करून छताकडे पाहत राहिलो,
जहाजांवरून, पाण्यावरून, चर्चच्या मनोऱ्याला वळसा घालून
त्या कुठे उतरतायत ते.

माझ्या नाकातून एक घाणेरडा आवाज निघाला.
मार्चपासून तुंबलेला.
कोटाची बटणं सोडावी लागली.
त्यानं वळून पाहिलं.
अर्धाच चेहरा हसला त्याचा.
हसायला तेवढा पुरतो.

नवा शब्द एकही आला नाही,
आधीच सांगून ठेवते.
ट्रॉलीबसमध्ये काचेला डोकं टेकून तो म्हणाला, उद्या.
भूक असेल, की पाय, की मी.
मी घेतलं. आपलं थोडं घातलं :
"हो, आणि अंडी संपलीत."
त्यानं बराच विचार केला,
खिशातून एक काढून
माझ्या तळहातावर अलगद ठेवलं.

घर येईपर्यंत
मी मूठ मिटली नाही.